डूलॅली हा इंग्रजी शब्द खरंच आपल्या देवळालीवरून आलाय का, आणि आज तो कोणाबद्दल वापरावा?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारे मूळचे नाशिकचे, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला एका केअर होममध्ये नर्स आहेत. तिथल्या एका सहकारी बाईंनी एका आजींबद्दल ‘शी हॅज गॉन अ बिट डूलॅली’ असं म्हटलं, आणि यांनी अर्थ विचारला तर दुसऱ्या कोणीतरी सांगितलं की अरे हा तुमच्याकडचाच शब्द, देवळालीला गोऱ्या सोजिरांचं वेड्यांचं हॉस्पिटल होतं त्यावरून आलाय. आता यांना जाणून घ्यायचंय की हे खरं का नुसता व्हॉट्सअप फॉरवर्ड, त्यात आपल्या गावाचा अपमान आहे का, आपण स्वतः तो शब्द वापरावा का, आणि मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घालायचंय तर काय लिहावं.

मी बरीच वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर आणि सबटायटलिंगचं काम करते, माहेर नाशिकरोडचं, त्यामुळे हा शब्द माझ्या दोन्ही घरांत येतो असं म्हणा. छोटं उत्तर हवं असेल तर: हो, शब्द आपल्याच देवळालीचा आहे, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही. हॉस्पिटलचा भाग मात्र कच्चा आहे. गावाचा अपमान नाही. आणि पेशंटबद्दल, तेही कामाच्या ठिकाणी, वापरू नका. आता सविस्तर.

मुळात इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. शब्द आला कुठून हा एक, आणि आज तो बोलणाऱ्याच्या तोंडी काय काम करतोय हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जुन्या कागदांत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर कोण, कोणाला, कोणाबद्दल, कुठल्या सुरात म्हणतंय यावर अवलंबून असतं आणि तिथे उगम माहीत असून फारसा उपयोग होत नाही. लोक उगम कळला की अर्थ कळला असं धरून चालतात, आणि भाषांतरात सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

पहिला प्रश्न आधी घेऊ. असा शब्द समोर आला की मी लेखी पुरावा कधीचा आहे ते बघते, मग तो त्या गावातून दुसऱ्या देशात कोणाच्या तोंडून गेला असेल ते बघते, आणि मग उच्चार तसा बदलणं शक्य आहे का ते. गोष्ट किती रंजक आहे हे सगळ्यात शेवटी, कारण रंजक गोष्टी बहुतेक वेळा नंतर रचलेल्या असतात.

लेखी पुरावा चांगला आहे. एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स या दोघांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची आणि खलाशांची बोली गोळा करून १९२५ मध्ये कोश काढला, त्यात हा शब्द आहे, पण नुसता डूलॅली नाही तर ‘डूलॅली टॅप’ असा जोडशब्द, अर्थ दिलाय वेडा, डोकं ठिकाणावर नसलेला. म्हणजे छापण्याआधी कितीतरी वर्षं तो पलटणीत तोंडी चालत असणार, कारण सैनिकांची बोली कोशात जायला नेहमीच उशीर होतो. दुसरा पुरावा मला जास्त मोलाचा वाटतो. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा वेल्श पलटणीतला शिपाई, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला, त्याने १९३६ मध्ये ‘ओल्ड सोल्जर साहिब’ नावाने त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो देवळालीच्या कॅम्पाचं वर्णन करतो आणि सांगतो की एखादा माणूस विचित्र वागायला लागला की आम्ही त्याला डूलॅली टॅप झालाय म्हणायचो, आणि मला वाटतं हे त्या कॅम्पातल्या कंटाळ्याने माणसं जशी वागायची त्यावरून पडलं असावं. ‘मला वाटतं’ हे त्याचे स्वतःचे शब्द, तोही छातीठोकपणे सांगत नाही. पण हा माणूस त्या काळातला, त्या फौजेतला, त्याच बोलीत बोलणारा, म्हणून त्याचं वाटणं माझ्यासाठी कुठल्याही वेबसाइटपेक्षा वजनदार आहे.

आता तो कंटाळा कसला ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा अर्थ त्यातच आहे.

१८६० च्या दशकात कसारा घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईपासून साधारण १८० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, कोरड्या हवेची ही जागा फौजेला सापडली. जहाजातून उतरलेल्या पलटणी मुंबईच्या गर्दीत आणि रोगराईत ठेवण्यापेक्षा इकडे आणायच्या, आणि घरी जाणाऱ्यांनाही इथेच गोळा करून जहाज लागलं की मुंबईला न्यायचं, असा तो ट्रान्झिट कॅम्प. त्यात १८७० च्या कायद्याने ब्रिटिश फौजेत छोट्या मुदतीची भरती सुरू झाली, म्हणजे काही वर्षं पलटणीत आणि उरलेली राखीव दलात, त्यामुळे दरवर्षी मुदत संपून घरी जाणाऱ्यांचा लोंढा वाढला. या लोकांना ‘टाइम एक्सपायर्ड’ म्हणायचे. पण मुदत संपली म्हणजे घरी गेला असं नव्हतं. सैनिकांची जहाजं साधारण हिवाळ्याच्या मोसमातच ये-जा करायची, पावसाळी समुद्र आणि उन्हाळ्यातला लाल समुद्र शक्यतो टाळायचे. खास हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी बांधलेली मोजकी पाच मोठी जहाजं होती बराच काळ, त्यातल्या एकाचं नाव जमना होतं आणि एकाचं मलबार. मोसमाचं शेवटचं जहाज सुटलं आणि तुमची मुदत त्यानंतर संपली तर पुढच्या मोसमापर्यंत बसा.

आणि बसा म्हणजे खरोखर बसाच. रिचर्ड्स लिहितो की या लोकांकडे शस्त्रं नव्हती, सामान नव्हतं, कधीमधी किट दाखवायचं, एखादा रूट मार्च, बाकी दिवस काढायचा. वर्षानुवर्षं बिगुलावर उठलेल्या माणसाला अचानक काहीच काम नाही, पलटणीतले मित्र लांब कुठेतरी, घर समुद्रापलीकडे, तारीख कोणी सांगत नाही. मग दारू, मारामाऱ्या, बाजारातले आजार. ज्यांच्या सर्व्हिस बुकवर इतक्या वर्षांत एक डाग नव्हता अशी माणसं इथे येऊन गुन्हा करून तुरुंगात गेली असं तो सांगतो, आणि ते वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं, सगळी नोकरी नीट केली आणि घरी जायच्या तोंडावर हे. तर ‘डूलॅली टॅप’ म्हणजे मूळात हे होतं, वाट बघून बघून माणूस चळणं.

आता ‘टॅप’. इंग्रज वाचकाला यात नळ दिसतो किंवा डोक्यावर टपली मारल्यासारखं काहीतरी, पण मराठी वाचकाला सांगायला नको, हा आपला ताप आहे. सैनिकांच्या हिंदुस्थानी बोलीत तप किंवा ताप म्हणजे मलेरियासारखा ज्वर, फारसीतही तप म्हणजे ज्वर आणि संस्कृतात ताप म्हणजे उष्णता, पीडा, दोन्ही एकाच कुळातले. त्याच मूळ धातूच्या लॅटिनमधल्या भावंडावरून आलेला इंग्रजी शब्द म्हणजे टेपिड, कोमट या अर्थाचा. म्हणजे डूलॅली टॅप याचं शब्दशः मराठी ‘देवळालीचा ताप’. आणि मराठीत ताप हा शब्द ज्वरापुरता राहिला नाही, डोक्याला ताप, ताप देऊ नको, असं आपण रोज म्हणतो, त्यामुळे आपल्याला हा जोडशब्द आतून कळतो, इंग्रजांना तो कोशात बघावा लागतो.

उच्चाराचं पण जुळतं. आपण देवळाली म्हणतो तेव्हा त्यातला ‘व’ जवळजवळ ‘उ’ सारखा येतो, जुन्या सरकारी इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यासाठी डी-ई-ओ लिहायची पद्धत होती. ळ इंग्रजाला जमणार नाही, तो ल झाला. मग ते स्पेलिंग वाचणाऱ्या शिपायाच्या तोंडी देओलाली, द्यूलाली, डूलॅली, जोर मधल्या अक्षरावर. कठीण काही नाही, खडकीचं किर्की याच लोकांनी केलं.

वर एका प्रतिसादात कोणीतरी लिहिलंय की हा शब्द ‘डुलणे’ वरून आला असेल, दारू पिऊन डुलणारा म्हणून. कल्पना छान आहे पण टिकत नाही. जुने दाखले बघितले तर शब्द एकटा नाही, टॅपसोबत आहे, आणि तो कॅम्प ज्यांना माहीत होता तेच तो वापरतायत. नुसता आवाज सारखा असणं हा पुरावा नसतो, आवाज तर कशालाही सारखे सापडतात.

शिवाय हा शब्द एकटा गेलेला नाही हेही लक्षात घ्या. त्याच फौजेने चिट, खाकी, पक्का, देखो वरून डेको म्हणजे एक नजर, चहावरून ‘चार’ म्हणजे चहाच, खुशीवरून कुशी म्हणजे आरामाची नोकरी, आणि विलायतीवरून ब्लायटी म्हणजे मायदेश, हे सगळे शब्द इंग्लंडला नेले. रोटीला ते रूटी म्हणायचे आणि दीर्घ नोकरीच्या पदकाला रूटी गाँग, म्हणजे इतकी वर्षं सरकारी रोटी खाल्ली त्याचं पदक. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात नोकरी केलेले जुने शिपाई नव्या पोरांसोबत खंदकात राहिले आणि ही बोली तिथून घराघरांत पोचली. म्हणजे वाट माहितीची आहे, प्रवासी माहितीचे आहेत. यापेक्षा भक्कम उगम फार कमी बोलीशब्दांना मिळतो.

आता तुमच्या सहकाऱ्याने सांगितलेलं हॉस्पिटल. कारणांच्या तीन गोष्टी फिरतात: उन्हाने वेडे झाले, वेड्यांचं हॉस्पिटल होतं, आणि वाट बघण्याचा कंटाळा. उन्हाची गोष्ट मला पटत नाही आणि ते नाशिककर म्हणून सांगते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तापतं हे खरं, पण मुलतान किंवा सिंधमधल्या छावणीतून आलेल्या माणसाला देवळाली म्हणजे थंड हवेची जागा वाटली असेल. पुढे मुंबईच्या पारशी आणि गुजराती मंडळींनी इथे बंगले आणि सॅनिटोरियम बांधली ती हवेसाठीच ना. पण त्या काळी गोऱ्या माणसाच्या डोक्याला ऊन बाधतं, त्यातून वेड लागतं असा पक्का समज होता, टोपी त्यासाठीच, म्हणून मागाहून गोष्ट सांगताना ऊन आपोआप घुसलं असणार.

हॉस्पिटलबद्दल जास्त काळजीपूर्वक बोलायला पाहिजे. इतक्या मोठ्या कॅम्पात लष्करी हॉस्पिटल असणारच, आणि घरी पाठवायचे आजारी लोकही याच वाटेने जायचे. पण ब्रिटिश फौजेत मानसिक आजार झालेल्या सैनिकांसाठी खास बांधलेली जागा होती ती इंग्लंडात, साउदॅम्प्टनजवळ नेटलीला, तिथल्या मोठ्या लष्करी हॉस्पिटलचा डी ब्लॉक, १८७० सालचा. हिंदुस्थानातून असे रुग्ण तिकडे पाठवत. देवळाली हा वाटेतला थांबा. त्यामुळे वाटेत काही आजारी माणसं दिसली असतील, त्याने शब्दाला हातभारही लागला असेल, पण ‘देवळालीला वेड्यांचं हॉस्पिटल होतं म्हणून हा शब्द’ असं ठाम विधान मी तरी करणार नाही. रिचर्ड्स कंटाळ्याचं नाव घेतो, हॉस्पिटलचं नाही, आणि मी त्याच्या बाजूने आहे.

आणि हे जहाजाची वाट बघणं शेवटपर्यंत संपलं नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावरही हजारो ब्रिटिश सैनिक हिंदुस्थानात अडकून होते, जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळ ड्रिग रोडच्या रॉयल एअर फोर्सच्या तळावर लोकांनी घरी लवकर पाठवत नाहीत म्हणून कामच बंद केलं आणि ते लोण इतर तळांवर पसरलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियावरून गेली. त्यानंतर डूलॅली म्हणणाऱ्या नव्या पिढीने देवळाली कधी पाहिली नाही, आणि शब्दाचा अर्थ मोकळा सुटला तो इथे.

आधी टॅप गळला. ज्यांना ताप माहीत नव्हता त्यांना तो शेपटासारखा वाटला असणार. मग व्याकरण बदललं. पूर्वी डूलॅली टॅप ही एक गोष्ट होती, माणसाला व्हायची, आजार होतो तशी. आता डूलॅली हे विशेषण झालं, माणूस डूलॅली असतो किंवा होतो. आणि विशेषण पण अडेल आहे, नामाच्या आधी सहसा बसत नाही, ‘अ डूलॅली मॅन’ इंग्रजी कानाला खटकतं, ‘ही हॅज गॉन डूलॅली’ बरोबर वाटतं. जवळपास नेहमी ‘गो’ या क्रियापदासोबत, आणि तीव्रता सांगायची तर आधी ‘अ बिट’ किंवा ‘कम्प्लीटली’. याच्यात एक गोष्ट दडलीय: शब्द कायमचा स्वभाव सांगत नाही, बदल सांगतो, बरा होता आणि आता सटकला. कॅम्पाची आठवण विसरली तरी तो बदल व्याकरणात राहिला, हे मला फार सुंदर वाटतं.

अर्थ हळूहळू सौम्य झाला. सैनिकांचा वेडा हा खरोखर बिघडलेला माणूस होता, आज ब्रिटनमध्ये डूलॅली म्हणजे बहुतेक वेळा चक्रम, विसराळू, थोडा भ्रमिष्ट. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात देवळालीतल्या फौजी नाटक कंपनीवर एक विनोदी मालिका चालली, तिच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः युद्धात देवळालीला अशा कंपनीत होता. त्या मालिकेमुळे एका पिढीला देवळाली हे नाव तरी माहीत आहे, मात्र तिच्यात हिंदी माणसं दाखवताना गोऱ्या नटाला रंग फासून उभं केलं होतं, त्यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्तच होती.

आजच्या वापरात मला साधारण चार छटा दिसतात आणि भाषांतर करताना प्रत्येकीला वेगळा मराठी शब्द लागतो. म्हाताऱ्या माणसाबद्दल, प्रेमाने किंवा थकून म्हटलेलं. घरातल्या बडबडीत एखाद्याबद्दल, काय डोकं फिरलंय का तुझं या सुरात. यंत्राबद्दल, प्रिंटर डूलॅली झालाय, इथे मराठीत ‘गंडलाय’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. आणि आनंदाने बेभान, फुटबॉलचा गोल झाला आणि सगळं स्टेडियम डूलॅली, इथे ‘येडं झालं’ चालतं. सरसकट ‘वेडा’ लावलं तर चारही ठिकाणी चूक होईल.

एक उदाहरण जवळून दाखवते. सबटायटलसाठी एक संवाद आला होता, म्हातारी बायको नवऱ्याबद्दल शेजारणीला सांगते की ऑपरेशन झाल्यापासून ही हॅज गॉन अ बिट डूलॅली. पडद्यावर जेमतेम दोन सेकंद, म्हणजे एक छोटी ओळ. ‘वेड लागलंय’ लिहिलं असतं तर त्या बाईच्या तोंडी क्रूर झालं असतं. ‘म्हातारचळ लागलाय’ मला फार मोहात पाडत होतं, बोलीतलं, वयाशी जुळणारं, पण मराठीत म्हातारचळात थोडी चावट छटा आहे, म्हातारपणी भलतंच सुचणं, आणि इथे बाई तर घाबरलेली होती. ‘भ्रमिष्ट झालेत’ पुस्तकी. शेवटी ‘हल्ली जरा भरकटतात’ ठेवलं. देवळाली त्यात कुठेच नाही आणि ती यायलाही नको होती, कारण त्या बाईच्या मनात देवळाली नव्हती, नवरा होता. हाच संवाद १९१० सालच्या शिपायाच्या तोंडी असता तर मात्र मी ‘देवळालीचा ताप चढलाय’ असंच लिहिलं असतं, आणि मराठी प्रेक्षकाला टीप द्यायची गरज पडली नसती.

आता अपमानाचा प्रश्न. मला समजतं की आपल्या गावाचं नाव वेडाला दिलंय हे ऐकून कसं वाटतं. पण बघा, आपणही हेच करतो. ‘याला ठाण्याला भरती करा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे आपण लहानपणापासून ऐकलंय, आणि तिथे तर खरोखर मनोरुग्णालयं आहेत, ठाण्याचं १९०१ पासूनचं. इंग्रजीत बेडलम म्हणजे गोंधळ, तो लंडनच्या बेथलहेम या वेड्यांच्या हॉस्पिटलच्या नावाचा अपभ्रंश. ठाण्याचा आणि बेडलमचा शब्द बाहेरच्या लोकांनी आतल्या रुग्णांवर फेकलेला आहे. डूलॅली तसा नाही. तो शब्द त्या कॅम्पात सडणाऱ्या शिपायांनी स्वतःबद्दल आणि आपल्या सोबत्यांबद्दल केलेला आहे. देवळालीच्या माणसाला, तिथल्या हवेला, भाषेला त्यात कोणी नाव ठेवलेलं नाही. भगूर-देवळालीच्या ज्या लोकांनी त्या कॅम्पाला भाजी, दूध, धोबी, टांगे पुरवले त्यांच्याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. म्हणून मी तरी अपमान मानत नाही. तुम्हाला तरीही तो शब्द टोचत असेल तर वापरू नका, आवडनिवड आहे शेवटी, पण कोणी म्हटलं तर मुद्दाम डिवचलं असं समजू नका. बहुतेक ब्रिटिश माणसाला देवळाली हे गाव आहे हेच माहीत नसतं, आणि अमेरिकन सहकाऱ्याला तर हा शब्दच माहीत नसेल.

खरी जपायची जागा दुसरी आहे आणि ती तुमच्या कामातच आहे. तुमच्या सहकारी बाईंनी त्या आजींबद्दल म्हटलं ते कसं घ्यायचं? यॉर्कशरमधली पन्नाशी-साठीची बाई, चहाच्या वेळी, आवाजात माया असेल तर ते ‘आजी जरा भरकटल्यात’ इतकंच आहे. तेच शब्द आजींच्या समोर, किंवा त्यांच्या मुलाला सांगताना, किंवा हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देताना, तर बरोबर नाही. एक म्हणजे माणूस लहान होतो त्याने. दुसरं, आणि हे तुम्हाला नर्स म्हणून माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तो शब्द काहीच माहिती देत नाही. म्हाताऱ्या माणसाला एकाएकी गोंधळायला झालं तर त्यामागे युरिन इन्फेक्शन असू शकतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं, नवीन औषध असू शकतं, आणि ते डॉक्टरला लगेच कळायला हवं. हळूहळू महिनोन्‌महिने विसरायला लागल्या असतील तर गोष्ट वेगळी. डूलॅली दोन्हीला एकच झाकण घालतो. त्यामुळे नोट्समध्ये ‘सकाळपासून दिवस-रात्र ओळखत नाहीत, काल ठीक होत्या’ असं दिसेल ते लिहा, शब्द कितीही गोड असला तरी.

स्वतः वापरायचा का, तर मित्रमंडळींत, स्वतःबद्दल, प्रिंटरबद्दल खुशाल. परक्या भाषेतला बोलीशब्द वापरताना मी एक पथ्य पाळते, तो तीन-चार वेगळ्या माणसांच्या तोंडून, वेगळ्या प्रसंगात ऐकला की मगच आपल्या तोंडी घेते. डूलॅलीच्या बाबतीत हे जास्त लागू, कारण तुम्ही नाशिकचे आहात हे कळल्यावर लोकांना गंमत वाटून तो शब्द तुमच्यासमोर उगाच जास्त वापरला जाईल.

शब्द परत इकडे आलाय हे पण सांगते. २००९ मध्ये पुण्यात एक मायक्रोब्रुअरी सुरू झाली तिचं नाव डूलॅली, पुढे मुंबईत त्यांच्या बिअरच्या जागांना टॅपरूम म्हणायला लागले. म्हणजे जो टॅप इंग्लंडात गळला तो महाराष्ट्रात नळाचा टॅप होऊन परत चिकटला, आणि देवळालीच्या शिपायांची दारू बघता ते नाव नकळत फार बरोबर बसलंय.

राहिलं मुलीचं प्रोजेक्ट. तिला लिहू दे की डूलॅली हा ब्रिटिश इंग्रजीतला बोलीशब्द नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पावरून आला, पूर्वी तो डूलॅली टॅप असा होता, टॅप म्हणजे ताप, १९२५ च्या सैनिकी बोलीच्या कोशात तो मिळतो, आणि घरी जायच्या जहाजाची वाट बघत थांबलेल्या सैनिकांच्या कंटाळ्यावरून तो पडला असावा असं एका जुन्या शिपायाने १९३६ मध्ये लिहिलंय. ‘असावा’ तसंच ठेवा, काढू नका. हॉस्पिटलची ओळ टाकू नका. नकाशा लावणार असाल तर राहुरीजवळची देवळाली प्रवरा लावू नका, ती वेगळी, आणि नाशिकरोडला लागून देवळाली गाव आहे तेही वेगळं, रेल्वेचं देवळाली स्टेशन उतरलं की जो कॅम्प आहे तो हवाय. जिथे आज आपल्या फौजेचं तोफखान्याचं स्कूल आहे तीच ही छावणी. तिला वर्गात बोलून दाखवायचं असेल तर आधी ळ सकट देवळाली म्हणायला सांगा, मग डूलॅली, मुलांना दोन उच्चारांतलं अंतर लगेच ऐकू येईल.